शाळेचें स्वतःचें प्रोग्रॅम-भांडार

ज्या घरांत धान्याची कणगी भरलेली आहे, त्या घरास रोज सकाळीं बाजाराच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. पूर्वीं आपल्या वऱ्हाडांत गांवोगांवीं जमिनींत पेवें खणीत व सुगीचें धान्य त्यांत सांठवीत. पाऊस लांबला, रस्ते बंद झाले किंवा भाव चढले, तरी पेवाच्या धन्यास धीर असे. पवित्र शास्त्रांतील योसेफाची कथा तर आपणां सर्वांस ठाऊक आहेच. सुकाळाच्या सात वर्षांत त्यानें मिसर देशांत नगरोनगरीं कोठारें भरून ठेविलीं. म्हणून दुष्काळाच्या वर्षांत त्या देशासच नव्हे, तर शेजारच्या देशांसही अन्न मिळालें. सांठा करणें म्हणजे कृपणपणा नव्हे. योग्य वस्तु योग्य वेळीं जवळ असावी व ती दुसऱ्यासही देतां यावी, यासाठीं केलेली ती व्यवस्था होय.

हीच दृष्टि ठेवून मला आज एका निराळ्या सांठ्याविषयीं लिहावयाचें आहे. तो धान्याचा नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅमांचा. आपल्या शाळेनें संगणक-कक्षांत एक सर्व्हर ठेवून त्यावर मुक्त सॉफ्टवेअरचें स्वतःचें भांडार उभें करावें, असें माझें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें कोणतीं, त्यावर आक्षेप काय येतील, व कोणत्या अटीवर तें ठेवावें, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम हें भांडार म्हणजे काय तें समजून घेऊं. संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञांच्या जुळणीस प्रोग्रॅम म्हणतात. लिनक्सच्या पद्धतींत प्रत्येक प्रोग्रॅम एका गठ्ठ्यांत बांधलेला असतो. त्यासच पॅकेज हें नांव आहे. त्या गठ्ठ्यावर एक चिठ्ठी असते. याचें नांव काय, ही कितवी आवृत्ति, आणि हा चालावयास दुसरे कोणते गठ्ठे आधीं लागतात, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. असे हजारों गठ्ठे एके ठिकाणीं क्रमानें रचून त्यांची यादी केली, म्हणजे भांडार झालें. ‘अमुक प्रोग्रॅम बसव’ असें आपण संगणकास सांगितलें कीं तो ती यादी वाचतो, लागतील तेवढे गठ्ठे मागवून घेतो व आपल्या जागीं बसवितो.

अशा भांडारांपैकीं डेबियनचें भांडार फार प्रसिद्ध आहे. इयन मर्डॉक या अमेरिकेंतील तरुण विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं तें कार्य आरंभिलें. आज जगभरचे स्वयंसेवक तें चालवितात, व त्यांत साठ हजारांहून अधिक गठ्ठे आहेत. पुष्कळांच्या परिचयाची उबुंटू ही पद्धति २००४ सालीं त्याच्याच आधारावर निघाली. आपल्या देशांत सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं काढलेली बॉस ही पद्धतिही डेबियनवरच रचलेली आहे. या सर्वांचा परवाना असा आहे कीं, कोणींही प्रत घ्यावी, कितीही यंत्रांवर बसवावी, आंतील रचना पाहावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. म्हणूनच मूळ भांडाराची प्रत आपल्याजवळ ठेवणें हें चोरून केलेलें काम ठरत नाहीं. उलट तशा प्रती ठिकठिकाणीं असाव्यात अशीच मूळ चालकांची इच्छा असते. त्यांस मिरर, म्हणजे आरसे, असें म्हणतात. कानपूरच्या आयआयटीसारख्या संस्थांनीं असे आरसे चालविले आहेत. माझें म्हणणें इतकेंच कीं, मोठ्या विद्यापीठास जें साधतें त्याचा लहानसा अंश हायस्कुलासही साधेल.

आतां कारणांकडे वळूं. पहिलें कारण साध्या अंकगणिताचें आहे. समजा, एका शाळेंत वीस संगणक आहेत व प्रत्येकास ५०० मेगाबाइटांची दुरुस्ती हवी आहे. प्रत्येक यंत्रानें ती बाहेरून स्वतंत्रपणें आणिली, तर १०,००० मेगाबाइट, म्हणजे दहा जीबी, माल इंटरनेटच्या तारेवरून यावा लागेल. रोज दोन जीबीची मर्यादा असलेल्या मोबाइलच्या जोडणीवर हेंच काम करावयाचें ठरविलें, तर पांच दिवस लागतील, आणि त्या पांच दिवसांत दुसरें कांहींही करतां येणार नाहीं. भांडार शाळेंत असेल तर बाहेरून एकदांच ५०० मेगाबाइट येतील. पुढें शाळेच्या आंतील शंभर मेगाबिटांच्या साध्या तारेवर सेकंदास जास्तींत जास्त साडेबारा मेगाबाइट जातात. म्हणजे वीसही यंत्रांस तो माल सुमारें पाऊण तासिकेच्या आंतच पोहोंचेल. एकाच विहिरीचें पाणी वीस वेळां वीस गाड्यांनीं आणण्यापेक्षां घरीं हौद बांधणें शहाणपणाचें, हें सांगावयास पंडित नको.

दुसरें कारण पैशाचें नव्हे, नीतीचें आहे. बाजारांत विकत मिळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या चोरट्या प्रती पेन-ड्राइव्हवरून हातोहात फिरतात, व त्यांत कांहीं गैर आहे असें पुष्कळांस वाटतही नाहीं. ‘सगळेच करतात’ हें उत्तर तयार असतें. परंतु परीक्षेंत नक्कल करूं नको असें ज्या मुलास आपण सांगतों, त्यासच चोरीच्या प्रोग्रॅमवर निबंध टंकावयास बसविलें, तर त्या उपदेशास किंमत ती काय राहिली? चोरीची मनाई करणारी आज्ञा वस्तु डोळ्यांना दिसते कीं नाहीं, हें विचारीत नाहीं. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकाचे रोगही घरांत शिरतात, तें निराळेंच. राजरोस, विनामूल्य व चांगले प्रोग्रॅम हाताशीं नसले म्हणजे दुर्बळ मनुष्य आडमार्गास लागतो. तेव्हां केवळ मनाई करून भागत नाहीं. सरळ मार्ग सोपा करून द्यावा लागतो. शाळेचें भांडार हा तो सोपा केलेला सरळ मार्ग होय. पत्र व हिशेब लिहिण्यास लिबरऑफिस, आकाशाचा नकाशा पाहण्यास स्टेलॅरियम, मूलद्रव्यांची सारणी अभ्यासण्यास कॅल्झियम, लहान मुलांसाठीं जीकॉम्प्रि, प्रोग्रॅम लिहावयास पायथन, व मराठी अक्षरांकरितां लोहित हा टंक, असें पुष्कळ कांहीं त्यांत ठेवतां येतें, आणि विद्यार्थी तें आपल्या घरच्या संगणकासाठीं उजळ माथ्यानें नेऊं शकतो.

तिसरें कारण जुन्या यंत्रांचें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या पद्धतीस देण्याचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. जीं यंत्रें त्यापुढील पद्धतीस पात्र नाहींत तीं फेंकून द्यावीं कीं काय, असा प्रश्न अनेक शाळांपुढें उभा आहे. आपला जिल्हा श्रीमंत नव्हे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्ह्यांची जी निवड केली तींत महाराष्ट्राचे चारच जिल्हे होते, व त्यांत वाशीम एक होता. अशा ठिकाणीं चालतें यंत्र भंगारांत घालणें हा अपव्यय आहे. हलक्या लिनक्स-पद्धतीवर तें यंत्र आणखी कित्येक वर्षें काम देऊं शकतें; मात्र तिचे गठ्ठे जवळ हवेत.

चौथें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें; तें स्वावलंबनाचें. त्यासाठीं जुन्या इतिहासांतील एक प्रसंग सांगतों. बंगालमधील सेरामपूर येथें विल्यम कॅरी व त्यांचे सहकारी यांचा छापखाना होता. कॅरीसाहेबांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं तेथेंच छापून निघालें. या मंडळींनीं टाइप विलायतेहून मागवीत बसण्याऐवजीं पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर या एतद्देशीय कारागिरांच्या हातून ठसे कोरविले, आणि टाइप ओतण्याची कला आपल्याच आवारांत रुजविली. ११ मार्च १८१२ रोजीं त्या छापखान्यास भयंकर आग लागली. कागद जळाला, टाइप वितळले, वर्षानुवर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें भस्म झालीं. परंतु पोलादी ठसे राखेंतून शाबूत निघाले. ठसे घरचे, ओतण्याची विद्या घरची. मग वितळलेल्या धातूचेंच नवें ओतकाम थोड्या आठवड्यांत सुरू झालें व छपाईचा गाडा पुन्हां चालूं लागला. टाइप दूर देशाहून येणार असते, तर एका जहाजाच्या प्रतीक्षेंत कित्येक महिने गेले असते. याच प्रसंगांत दुसराही धडा आहे. कॅरीसाहेबांच्या बहुभाषिक कोशाच्या हस्तलिखिताची दुसरी प्रत नव्हती, म्हणून तें कायमचें गेलें. ज्याचें मूळ घरीं होतें तें पुन्हां उभें राहिलें. ज्याची प्रत कोठेंच नव्हती तें नाहींसें झालें. भांडार कां ठेवावें, व त्याचीही आणखी एक प्रत निराळ्या जागीं कां ठेवावी, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां आक्षेप. कोणी म्हणेल, ‘आज खिशाखिशांत इंटरनेट आहे, मग ही जुन्या काळची उठाठेव कशास?’ इंटरनेट स्वस्त झालें हें खरें. पण खिशांतील इंटरनेट एका हाताचें आहे, वर्गाचें नव्हे. एका मुलाजवळ फोन आहे, शेजारच्याजवळ नाहीं. एकाच्या वस्तींत संकेत पोहोंचतो, दुसऱ्याच्या तांड्यावर तो खालीं-वर होतो. शाळेनें ज्यावर अभ्यास अवलंबून ठेवावयाचा, तें साधन सर्वांस सारखें मिळालें पाहिजे. शाळेच्या आंतील तार मनोरा, मर्यादा व मासिक वर्गणी यांपैकीं कशावरही अवलंबून नसते.

दुसरा आक्षेप आईबापांचा आहे, व तो मी हलका मानीत नाहीं. ते विचारतात, ‘नोकरीच्या ठिकाणीं विंडोज लागतें, एमएस-सीआयटीचा अभ्यास त्यावर होतो, मग आमच्या मुलांनीं हें दुसरेंच कां शिकावें?’ माझें उत्तर असें. दोन-तीन यंत्रांवर विंडोज अवश्य ठेवावें, पण तें रीतसर विकत घेतलेलें असावें. बाकीच्या यंत्रांवर मुक्त पद्धति असावी. जो एका पद्धतीचें मर्म समजून शिकला, त्यास दुसरी शिकावयास वेळ लागत नाहीं. आणि जगांतील बहुतेक वेब-सर्व्हर आज लिनक्सवरच चालतात, हेंही विसरूं नये. केरळ राज्यानें २००१ सालीं सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या योजनेंतून सरकारी शाळांचें संगणक-शिक्षण पुढें मुक्त सॉफ्टवेअरवर आणिलें. तेथील मुलें त्यामुळें मागें पडलीं नाहींत. मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या उपक्रमाचे अनेक पाठ मराठींतही आहेत. तेही याच सर्व्हरवर ठेवतां येतील.

तिसरा आक्षेप खरा कठीण आहे: ‘हें सांभाळणार कोण?’ येथें माझ्या मताबरोबर माझी अटही सांगतों. भांडार सांभाळतां येत नसेल तर तें उभारूंच नये. न सांभाळलेलें भांडार नसलेल्या भांडारापेक्षां वाईट. याचें कारण शेतकऱ्याच्या मुलास मी बियाण्याच्या दाखल्यानें सांगेन.

सोयाबीन हें स्वपरागित पीक असल्यामुळें घरचें बियाणें पुढल्या वर्षीं पेरतां येतें. २०२० च्या खरिपांत विकत घेतलेलें बियाणें उगवलें नाहीं, अशा तक्रारी विदर्भ-मराठवाड्यांत ठिकठिकाणांहून आल्या, व तेव्हांपासून घरच्या बियाण्याचें महत्त्व पुष्कळांस पटलें. पण घरचें आहे म्हणून शाहणा शेतकरी तें डोळे मिटून पेरीत नाहीं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळतो, आणि निदान सत्तर उगवले तरच तें वाण पेरणीस घेतो. भांडाराच्या गठ्ठ्यांचीही अशीच उगवण-परीक्षा असते. यादींत प्रत्येक गठ्ठ्यापुढें अंक व अक्षरें यांची एक लांब खूण लिहिलेली असते. ती त्या गठ्ठ्याच्या मजकुरावरून गणितानें काढलेली असते, व आंतील एक अक्षर बदललें तरी खूण बदलते. त्या सर्व यादीवर मूळ चालकांची सांकेतिक सही असते. आपला संगणक प्रथम सही तपासतो, मग खूण जुळवून पाहतो, आणि मगच गठ्ठा उघडतो. म्हणून मधल्या कोणीं भेसळ केली तर ती तत्काळ उघडकीस येते. कित्येक जण तपासणीचा इशारा आला कीं कटकट नको म्हणून ती तपासणीच बंद करून टाकतात. हें म्हणजे न उगवलेले दाणे पाहून गोणपाटच फेंकून देण्यासारखें आहे. आपल्या शाळेंत असें कधींही होऊं नये.

सही असली तरी मनुष्याची दक्षता सुटत नाहीं. २०२४ च्या मार्च महिन्यांत अँड्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास आपल्या संगणकावर दुरून प्रवेश करतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. दुसऱ्यानें दुर्लक्ष केलें असतें. त्यानें शोध घेतला, तेव्हां एक्सझेड नांवाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तींत कोणीं तरी चोरदरवाजा बसविला आहे असें आढळलें. तो प्रोग्रॅम मुक्त होता, त्याचा मजकूर पाहावयास खुला होता, म्हणून ती लबाडी पकडतां आली. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत ती नवी आवृत्ति अद्याप घेतलेली नव्हती, म्हणून तिचा वापर करणारे वांचले. नवें तेंच चांगलें असें नसतें, आणि अर्ध्या सेकंदाचीही विचारपूस करणारा मनुष्य हजारोंस वांचवितो, हे दोन धडे विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावेत.

उलट, जुनें धरून बसणेंही तितकेंच घातक. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रव जगभर पसरला व इंग्लंडांतील रुग्णालयांचें कामकाजही त्यानें विस्कळीत केलें. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीं मार्चमध्येंच निघाली होती. पुष्कळांनीं ती लावली नव्हती, इतकेंच. म्हणून भांडार भरून कुलूप घालणें हें काम नव्हे. दर आठवड्यास ठरलेल्या दिवशीं मूळ भांडाराशीं तें जुळवून घेतलें पाहिजे, व सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रथम आणिल्या पाहिजेत. पेवांतील धान्यही वर्षानुवर्षें न हलवितां ठेविलें तर कुजतें.

आरंभ लहानच करावा. संपूर्ण भांडाराची प्रत ठेवावयाची म्हटली तर फार मोठी जागा लागते. तिची पहिल्या दिवशीं गरज नाहीं. एक जुनें पण निरोगी यंत्र घ्यावें, त्यास एक नवी मोठी डिस्क व वीज जातांच तें सांभाळणारी बॅटरी जोडावी, आणि त्यावर डेबियनची स्थिर आवृत्ति बसवावी. मग अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी नांवाचा प्रोग्रॅम त्यावर ठेवावा. कोणत्याही यंत्रानें एखादा गठ्ठा प्रथम मागितला कीं हा प्रोग्रॅम तो बाहेरून आणतो व स्वतःजवळ ठेवून घेतो. दुसऱ्यानें मागितला तर घरांतूनच देतो. अशा रीतीनें जें आपणांस लागतें तेवढेंच सांठत जातें. बाकीच्या यंत्रांस या सर्व्हरचा पत्ता सांगितला कीं झालें. अनुभव आल्यावर अ‍ॅप्ट-मिरर या साधनानें निवडक विभागांची पूर्ण प्रत ठेवावी. तिसऱ्या पायरीवर रेप्रेप्रो नांवाच्या साधनानें शाळेचें स्वतःचें छोटें दालन उघडावें, व त्यांतील गठ्ठ्यांवर शाळेची स्वतःची सही असावी.

या तिसऱ्या दालनावर माझी खरी आशा आहे. आज आपल्या जिल्ह्यांतील मुलगा संगणकाच्या जगांत केवळ गिऱ्हाईक आहे. दुसऱ्यानें केलेलें घ्यावें व वापरावें, इतकेंच त्याच्या वांट्यास आलें आहे. परंतु नववीच्या एखाद्या मुलीनें मराठी पाढ्यांचा किंवा व्यवहारी हिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, तो रीतसर गठ्ठ्यांत बांधला, त्यावर चिठ्ठी लाविली, व शाळेच्या दालनांतून तो पांचवीच्या वर्गांत गेला, तर त्या दिवसापासून ती घेणारी राहिली नाहीं, देणारी झाली. हें अशक्य मानूं नये. सी-डॅकचे पहिले संचालक होऊन १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक देशास देणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या लहान गांवचे. आणि आपला वाशीम १९९८ पर्यंत त्याच अकोला जिल्ह्याचा भाग होता. परदेशाचा महासंगणक आपणांस मिळेना, तेव्हां आपल्या लोकांनीं तो घरीं घडविला. गांव लहान असल्यानें बुद्धि लहान होत नाहीं. साधन व सराव मात्र हवा.

आईबापांस माझी विनंति आहे कीं, शाळेनें यासाठीं सहकार्य मागितलें तर नव्या झगमगीत यंत्रांचा आग्रह न धरितां एका चांगल्या डिस्कचा व बॅटरीचा विचार करावा. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, प्रत्येक वर्गांतून दोघांनीं भांडारी व्हावें, आठवड्याची जुळणी करावी, आणि काय आणिलें, काय बदललें व काय बिघडलें, हें एका वहींत तारखेसह स्वच्छ लिहून ठेवावें. ती वही पुढल्या वर्षीच्या भांडाऱ्यांच्या हातीं द्यावी. जगांतील अनोळखी माणसांनीं आपले श्रम मोल न घेतां आपल्या दारांत आणून ठेविले आहेत. दान म्हणून मिळालेल्या वस्तूचा व्यापार करूं नये, ती तशीच पुढें द्यावी, हें प्रभूनें आपल्या शिष्यांस शिकविलें. तें दान जपणें, पारखून घेणें, ताजें ठेवणें व त्यांत आपली मूठभर भर घालून पुढल्यांच्या स्वाधीन करणें, हा आपल्या शाळेचा धर्म ठरो, अशी माझी प्रार्थना आहे.

— एक शिक्षक